कोंडवाड्यातली अनोळखी गाय

माझ्या सासूबाईंनी मला कधी सून म्हटलं नाही. भांडणात नाही, कौतुकात नाही, पाहुण्यांपुढं ओळख करून देतानासुद्धा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी ‘आमच्या पोराची बायको’ होते. मुलं झाल्यावर ‘पोरांची आई’ झाले. पुढं आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली, गल्लीनं मला उभं केलं, मी निवडून आले, आणि त्या दिवसापासून मी ‘मेंबर’ आहे. मेंबर उठली का बघा. मेंबरनं भाजीत मीठ घातलंय का विचारा. हे सगळं मी समोर उभी असताना, भिंतीला उद्देशून.

आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्यांचं माझ्याविषयीचं मुख्य गाऱ्हाणं असं, की मी हायवेची आहे. माझं माहेर कामथडीचं, सातारा रस्त्याला लागून. तिथंही शेती आहे, आमच्याही दावणीला म्हशी होत्या, धारा मीही काढल्यात. पण हे इतक्या वर्षांत त्यांच्या गळी उतरलेलं नाही. त्यांच्या मते हायवेवरच्या पोरी लहानपणी गुरं राखत नाहीत, ट्रक राखतात. तेव्हा गुराढोरांविषयी मी काही बोलले, की आत्या नुसत्या हसायच्या. ते हसणं मला शिवीपेक्षा लागायचं. मी काही गरीब स्वभावाची नाही, मी पण उलट बोलायचे, आणि आमचं घर वेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या एसटीसारखं दिवसभर खडखडत राहायचं.

आत्यांचं स्वतःचं माहेर भाटघरच्या पाण्याकाठचं. लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांना एक कालवड आंदण दिली होती. घाटवाटेनं त्या कालवडीचं दावं हातात धरून नवी नवरी सासरी आली, ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की माझी मुलं ती झोपेतही म्हणतील. त्या कालवडीच्या लेकी झाल्या, नाती झाल्या. काही विकल्या, काही गेल्या. आता त्या वंशातली एकच उरली होती, तांबडी. म्हातारी, भाकड, एक शिंग वर आणि एक कानाकडं वळलेलं. दूध आटून किती पावसाळे झाले कुणास ठाऊक. घरात कुणी विकायचा विषय काढला, की आत्या म्हणायच्या, दूध द्यायला तुमी तरी कुठं देता? आत्यांची वाकळ पडवीत, तांबडीचा खुंटा पडवीला लागून. रात्रभर दोघी एकमेकींचं खोकणं ऐकत झोपायच्या.

आता त्या नियमाचं सांगते, कारण तो माझा.

आमच्या भागात जुनी रीत अशी, की भाताची मळणी झाली, दाणा घरात आला, की गुरं मोकळी. दावं काढायचं आणि पाठीवर थाप मारून सोडून द्यायचं. पुढं पावसाळ्याच्या तोंडाला भाताची रोपं टाकायची वेळ येईपर्यंत बांध नुसते नावाला असायचे. कुणाचीही गाय कुणाच्याही वावरात फिरायची, आणि त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. वावरात खायला होतंच काय? भाताची खुंटं. वर गावाचा मिळून एक गुराखी असायचा.

मग दोन गोष्टी झाल्या. एक, गुराखी व्हायला माणूस उरला नाही. तरणी माणसं शिरवळच्या कंपन्यांत, नाहीतर पुण्यात. माझा नवराही शिरवळलाच. शिफ्ट जुळली तर घरी येतो, नाहीतर मोबाईलवर संसार करतो. आणि दुसरी, नदीवरून पाइप आले. भात निघाल्यावर लोक हरभरा करू लागले, गहू करू लागले. आता गुरांना कोण सांगणार की बाबांनो, रीत बदलली? त्यांना आपलं ठाऊक, मळणी झाली की रान आपलं. ती ऐटीत हरभऱ्यात शिरायची आणि कोवळ्या घाट्यांवर ताव मारून बाहेर यायची. मग ज्याचा हरभरा गेला तो बोंबलत यायचा, ज्याची गाय तो म्हणायचा बांधाला काटी का लावली नाहीस, आणि दोघांच्या बायका माझ्या दारात. मेंबर, तुमीच सांगा. रोज सकाळी दात घासता घासता न्याय करायचा म्हणजे काय!

शेवटी मी डोकं लावलं. गावाचा एक जुना कोंडवाडा होता, दगडी भिंतीचा, शाळेच्या मागं. मोकाट जनावर सापडलं की पूर्वी त्यात कोंडायचे. तो पुन्हा सुरू करायचा. पण मी चौकशी केली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी हसत हसत सांगितलं, की तेव्हा जनावर कोंडलं जायचं, मालक अंधार पडल्यावर शिपायाला तंबाखू चारायचा, आणि सकाळी कोंडवाडा रिकामा. मालकाला विचारावं तर तो म्हणायचा, छे, माझी गाय तर रात्रभर गोठ्यात होती. म्हणून मी नियमात एक कलम घातलं. घातलं म्हणजे हट्टानं घातलं. जनावर सोडवायचं तर मालकानं ग्रामसभेत उभं राहायचं आणि सगळ्या गावादेखत तोंडानं म्हणायचं, ‘हे जनावर माझं आहे.’ मग नुकसान भरून द्यायचं आणि जनावर घेऊन जायचं. आणि सभेतही कुणी उभं राहिलं नाही, तर त्याच सभेत लिलाव.

हे कलम सगळ्यांना फार आवडलं. कारण जो तो मनात शेजाऱ्याला उभं करून बघत होता.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली होती. हात वर व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आत्या उठल्या. मी मनात म्हटलं, झालं, आली संक्रांत. आत्यांनी पदर नीट केला, माझ्याकडं न बघता सगळ्या गावाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कायदा कशाला पायजे? ज्याला जनावर राखता येत न्हाई, त्यानं कोंबड्या पाळाव्या. माझं जनावर कुणाच्या बांधाला तोंड लावनार न्हाई. आन् लावलं, तर ते माझं न्हाई."

लोकांनी टाळ्या पिटल्या. आत्या खाली बसल्या आणि मग मात्र माझ्याकडं बघितलं. ट्रक राखणारीला कसं गप्प केलं, असं त्या बघण्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. नियम मंजूर झाला, पण टाळ्या त्यांच्या.

कोंडवाडा उघडायचा तर कुलपाची किल्लीच सापडेना. शेवटी कुलूप फोडलं. आत काय होतं? मंडपाचे बांबू, गोठून दगड झालेली सिमेंटची पोती, फुटकी घंटा, आणि कुणाच्या तरी लग्नातली दोन पातेली, जी हरवली म्हणून दोन घरांत अजून बोलणं नव्हतं. ते सगळं उपसलं, नवं कुलूप आणलं, किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. आणि गंमत बघा, नियम झाल्याबरोबर गावातली सगळी गुरं शहाणी झाली. सगळ्यांनी दावी आवळली. कोंडवाडा रिकामाच. चावडीवर बसणारी माणसं मला विचारायची, काय मेंबर, लॉज काढलं खरं पण गिऱ्हाईक न्हाई वाटतं? मीही म्हणायचे, तुम्हीच या की राहायला, घरात तरी तुमचं कोण ऐकतं.

मग एक दिवस, मी भाकरी थापत असताना, पंचायतीचा शिपाई दारात आला. हा माणूस एरवी आला की आधी चहा मागतो. त्या दिवशी उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि समोरच्या तोरणा गडाकडं बघत बोलू लागला. म्हणाला, वरच्या आळीच्या काकांच्या हरभऱ्यात एक गाय सापडली. कोंडलीय, लोंबतं कुलूप दाबून लावलंय. कुणाची ते काय कळत न्हाई बघा. अनोळखी गाय हाय.

मी विचारलं, अनोळखी म्हणजे कशी? तो म्हणाला, कानात बिल्ला न्हाई.

माझा हात पिठातच थांबला. त्याचं कारण सांगायला हवं. मागं सरकारी डॉक्टर गावात आले होते, सगळ्या जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकायला. नंबर असतो त्यावर, मालकाचं नाव लागतं. त्या दिवशी आत्या पहाटेच तांबडीला घेऊन डोंगराला गेल्या आणि डॉक्टरांची जीप गेल्यावरच खाली उतरल्या. म्हणाल्या, तिच्या आईच्या कानात न्हवता, आजीच्या न्हवता, हिला कशाला पायजे? तिला काय लिहायवाचायचंय? तेव्हापासून सगळ्या गावात बिनबिल्ल्याची गाय एकच होती. म्हणजे ती गाय कुणाची, हे बिल्ल्यापेक्षाही पक्कं कळत होतं.

कोंडवाड्यात जाऊन बघितलं. तांबडी मधोमध उभी होती, वळलेलं शिंग, तोंडाला हरभऱ्याचा हिरवा फेस. मला बघून तिनं अगदी घरच्यासारखी मान हलवली. मागं काका उभे होते, ज्यांचा हरभरा गेला ते. बिचारे माझ्यापेक्षा जास्त ओशाळले होते. म्हणाले, मेंबर, आंधारात वळखू आली न्हाई, न्हाईतर हाकलली असती. मग चूक लक्षात येऊन घाईनं म्हणाले, म्हणजे, अनोळखीच हाय म्हना.

घरी आले तर आत्या पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. शेजारचा खुंटा रिकामा, दावं तुटून लोंबत होतं. मी म्हटलं, आत्या, तांबडी कोंडवाड्यात आहे. त्यांनी तांदळातला खडा उचलला, लांब फेकला. म्हणाल्या, माझी तांबडी डोंगराला गेलीय, यील सांच्याला. मी म्हटलं, अहो, मी डोळ्यांनी बघून आले. त्यावर त्या म्हणाल्या, हायवेच्या मानसाला सगळ्या गाई सारक्याच दिसत्यात.

बास. तिथून पुढं तो विषय बंद. संध्याकाळ झाली, तांबडी डोंगरावरून आली नाही, कारण ती डोंगरावर नव्हतीच. आत्या जेवल्या नाहीत. पोटात गुबारा धरलाय म्हणाल्या.

मी रागावले नव्हते असं नाही. मला सगळ्यांचाच राग आला होता. तांबडीचा, हरभऱ्याचा, आत्यांच्या त्या शब्दाचा. आणि कलम घालणारीचा तर विचारूच नका. कारण मार्ग कुठलाच नव्हता. आत्यांनी सभेत उभं राहून ‘माझी’ म्हणावं, तर सगळ्या गावादेखत दिलेला शब्द जातो. न म्हणावं, तर गाय जाते. आणि आत्या शब्द मोडणाऱ्यातल्या नाहीत. तरुणपणी एका जावेला ‘तुझ्या दारात पाय ठेवणार नाही’ म्हणाल्या होत्या. ती जाऊ मेली तेव्हा रस्त्यावर उभं राहून रडल्या, पण पाय काही ठेवला नाही.

नवऱ्याला फोन केला. म्हटलं, सभेला या आणि तुम्ही उभे राहा, घर तुमचं, गोठा तुमचा. पलीकडं मशिनींचा आवाज येत होता. मग हे म्हणाले, मी माझी म्हनलं तर आईचा शब्द मीच पाडला असं होईल, ती मला घरात घ्यायची न्हाई. आणि शिफ्टही आहे. आमच्या ह्यांच्या आयुष्यात जेव्हा जेव्हा आईपुढं उभं राहायची वेळ आली, तेव्हा तेव्हा नेमकी शिफ्ट होती.

मग मीच उभी राहते, असं मी ठरवलं. बघू काय होतं ते. आत्यांना तसं सांगितलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, तुझी कशी? तू आनलीस का म्हायेराहून? त्यांनी आणली होती माहेराहून, घाटवाटेनं, दावं हातात धरून. मी टेम्पोत बसून आले होते, कपाट आणि मिक्सर घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून आत्यांनी एक नवं सुरू केलं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या कोंडवाड्याकडं जायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, मुकं जनावर हाय, कुनाचं का आसंना, पुन्य लागतंय. दरवाजाच्या फळ्यांमधून गवत आत सारायच्या. पाण्याची बादली भरायच्या. तांबडी त्यांना बघून हंबरायची, आणि आत्या जोरात म्हणायच्या, कुनाची गं तू बाय? तांबडी पुन्हा हंबरायची. शाळेतली पोरं हसून लोळायची.

आमचं गाव काही कमी नाही. सगळ्यांनी ते नाटक अगदी मनापासून उचलून धरलं. बायका येता जाता आत्यांना विचारायच्या, आवो, ह्या अनोळखी गाईला गूळ चालतोय का? आत्या म्हणायच्या, तांबड्या गाईंना चालतोय, आसं ऐकलंय. एकीनं विचारलं, ही उजव्या कुशीवर का बसत न्हाई? आत्या पटकन म्हणाल्या, लहानपनी पाय मोडला हुता. मग क्षणभर थांबून, आसंल मोडलेला, म्हनते. त्या बाईनं तोंडाला पदर लावला आणि तशीच निघून गेली. दिवसभर गावात तेच.

मी हसले नाही. कारण मला रात्री पडवीतून ऐकू यायचं. आत्या खोकायच्या, आणि मग गप्प पडून राहायच्या, पलीकडून खोकण्याची वाट बघत. खुंट्याकडून काही यायचं नाही. मग कूस बदलल्याचा आवाज यायचा.

सरपंच भला माणूस. एकदा घरी येऊन हळूच म्हणाले, मेंबर, किल्ली तुमच्या गळ्यातच आहे. एखाद्या दिवशी कुलूप नीट लागलं नाही, असं होतं माणसाकडून. मला ते पटलं. खरं सांगते, हात दोऱ्याकडं गेलासुद्धा. आत्या आत चुलीपाशी होत्या. तिथूनच, भिंतीला उद्देशून म्हणाल्या, मेंबरला सांगा, किल्लीला हात लावायचा न्हाई. लोकं म्हनतील, कायदा केला हिनंच आन् मोडला बी हिनंच. सरपंच चहा पिऊन गेले. मला तेव्हा वाटलं, ही बाई हट्टी आहे, बास, दुसरं काही नाही.

सभा तोंडावर आली तसा एक व्यापारी गावात येऊन गेला. लिलावाची कुणकुण अशा लोकांना बरोबर लागते. त्यानं फळ्यांवरून आत बघितलं, मग आत जायला मिळेल का विचारलं. शिपायानं माझ्याकडं बघितलं. मी कुलूप काढलं, लिलावाआधी गिऱ्हाइकाला जनावर बघू द्यायचं असा नियम होता. त्यानं तांबडीच्या बरगड्या दाबून बघितल्या, तोंड उघडून दात बघितले, शेपूट उचललं. भाकड गाय नेऊन हा काय करणार, हे कुणी विचारलं नाही. जमलेली सगळी माणसं आपापल्या चपला बघत उभी होती. आत्या गवताचा भारा घेऊन आल्या, ते बघितलं, आणि भारा डोक्यावर तसाच ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग तो भिंतीपाशी टाकून घरी गेल्या. त्या दिवशी त्यांनी कुनाची गं तू असं विचारलं नाही.

सभेच्या दिवशी व्हरांडा भरून माणसं अंगणात सांडली होती. पाण्याच्या योजनेला कधी इतकी येत नाहीत. ग्रामसेवक नवीन होता, बाहेरगावचा पोरगेला माणूस, अतिशय नियमानं चालणारा. त्याला आमच्या गावाची काहीच कल्पना नव्हती. त्यानं गंभीरपणे वाचलं, एक तांबडी गाय, बिल्ला नाही, मालक अज्ञात. मागं कुणीतरी खोकलं, तसे बरेच जण खोकले.

मग त्यानं विचारलं, या जनावराचा मालक सभेत हजर आहे का?

कुणी हललं नाही. आत्या बायकांत बसल्या होत्या, ताठ, हात मांडीवर. काका उठून म्हणाले, माझ्या हरभऱ्याचं सोडून द्या, माझी तक्रारच न्हाई. ग्रामसेवक म्हणाला, तक्रार मागं घेतली तरी मालक लागतोच, नाहीतर गाय द्यायची कुणाला? आणि ते बरोबर होतं. मीच तसं घातलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. लिलाव सुरू करा असं मला म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडून ते निघत नव्हतं.

तेव्हा मागच्या बाजूनं एकजण बोलला. निवडणुकीत माझ्याविरुद्ध त्याची बायको पडली होती, तेव्हापासून तो माझ्या पाठीवरच असतो. म्हणाला, मेंबर कशाला बोलतील? गाय कुनाच्या गोठ्यातली ते शेंबडं पोर बी सांगंल. कायदा गरिबाला, मेंबरच्या घराला न्हाई. आता लिलाव बी घरच्याच मानसाला सुटंल बगा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार तेवढ्यात बायकांत हालचाल झाली. आत्या उठत होत्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, एकीच्या खांद्याचा आधार घेऊन. उभ्या राहिल्यावर त्यांनी पदर नीट केला, अगदी त्या दिवशीसारखाच. त्यांचा चेहरा बघितला आणि मी उठायचं सोडून दिलं.

आत्या त्या माणसाकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "तिला कशाला बोलतुयास? शबुद म्या दिला हुता, म्याच गिळते. गाय माझी हाय. आन् मेंबर बी माझी हाय. सून हाय ती माझी."

व्हरांड्यातल्या सगळ्या माना आधी आत्यांकडं वळल्या, मग माझ्याकडं.

ग्रामसेवकाला मात्र आपलं काम पुरं करायचं होतं. तो अदबीनं म्हणाला, आजी, नियमात फक्त जनावराचं सांगायचं आहे.

"मग बाकीचं आसंच ऐकून ठिवा," आत्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग जो हशा झाला, तो तोरण्यापर्यंत गेला असेल. तो पाठीवर असणारा माणूसही हसला, काय करणार. काकांनी नुकसान म्हणून तांबडीचं शेण मागितलं, हरभऱ्याला टाकायला, आणि सगळ्या गावानं ते मंजूर केलं. आत्यांनी त्यातही खोट काढली, की घाटे तुझे किडके हुते, गाईचं पोट बिघडलं. व्यापारी केव्हा निघून गेला कुणाला कळलं नाही.

आम्ही दोघी कोंडवाड्यापाशी आलो. आत तांबडीला चाहूल लागली होती, ती फळ्यांना शिंग घासत होती. आत्या म्हणाल्या, काढ कुलूप. मी किल्ली काढली. पण ती कुलपात जाईना. एकदा वर लागली, एकदा खाली. मला कुलूपच नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते, आणि पुसायला गेले तर किल्ली हातातून पडली. इतकी वर्षं भांडले, उलट बोलले, हायवेची म्हणून ऐकून घेतलं, तेव्हा कधी डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

आत्यांनी वाकून किल्ली उचलली. भिंतीला उद्देशून म्हणाल्या, हायवेच्या लोकान्ला कुलूप बी निघंना. आणि खटकन कुलूप काढलं.

तांबडी बाहेर आली, आत्यांच्या खांद्याला नाक घासून उभी राहिली. आत्यांनी कमरेचं नवं दावं काढून तिच्या गळ्यात बांधलं. गाठ दोनदा ओढून बघितली. मग दाव्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि पुढं चालू लागल्या. मी तिथंच उभी. थोडं पुढं जाऊन त्यांनी मागं वळून बघितलं. या वेळी भिंतीकडं नाही, माझ्याकडं.

"चल की गं घरी. का तू बी बिनबिल्ल्याची हाईस?"